मागच्या आखाजीचा आकडा

कांद्याच्या चाळीपाशी आम्ही टेबल मांडलं होतं. गावातल्या पुरुषांना उपकेंद्रात बोलावून बोलावून थकलो, तेव्हा ठरवलं की माणसं जिथे कामाला आहेत तिथेच जायचं. चाळ भरायचं काम जोरात चाललं होतं. पाट्या डोक्यावर, अंगावर कांद्याची फोलपटं, डोळ्यांत धूळ. मुकादमाला विनवणी करून दर माणसामागे दहा मिनिटं मिळवली.

पाचवा की सहावा माणूस. वय पंचेचाळिशीच्या आसपास, काटक, पोट पाठीला लागलेलं. वजनकाट्यावर उभं राहायला त्यानं चप्पल काढली आणि मला त्याच्या उजव्या तळव्यात, टाचेच्या जरा पुढे, एक काळा ठिपका दिसला. वाकून पाहिलं तर बाभळीचा काटा. वरून मोडलेला, आत खोल रुतलेला. भोवतालची कातडी पांढरट होऊन फुगली होती, बोटानं दाबली तर आतून पू आला.

मी विचारलं, "जिभाऊ, हा काटा कधी गेला?"

तो म्हणाला, "कोनता काटा?"

मी दाबत होते, तरी त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. ग्लुकोमीटरवर साखर ३१८ आली. पुन्हा दुसऱ्या बोटातून घेतली, ३११. "मन्हं काय दुखत नही, सिस्टर. मंग कसाले तपासतस?" हा प्रश्न त्यानं मला थोड्या वेळापूर्वीच केला होता. काटा चिमट्यानं ओढून मी त्याच्या तळहातावर ठेवला. पाऊण इंचाचा असेल. तो बराच वेळ त्या काट्याकडे बघत राहिला. त्या दिवशी साखरेचा आकडा त्याला कळला नसेल, पण काटा कळला.

मी साक्री तालुक्यात आरोग्य सेविका आहे, २००३ पासून. आमचा तालुका एकसारखा नाही. पश्चिमेला पिंपळनेरच्या पुढे कुडाशी, वार्साकडे डोंगर, भात आणि नागली, कोकणी आणि भिल्ल वस्ती. उत्तरेला निजामपूर-जैताणे, छडवेलकडे माळ आणि त्यावर पवनचक्क्या. मधून नागपूर-सुरत महामार्ग जातो. पांझरा आणि कान या दोन नद्यांच्या काठानं बागाईत आहे, बाकी सगळा पावसाच्या भरवशावर. मी दोन्हीकडे काम केलं. भाषा बदलते, भाकरी बदलते, पण एक गोष्ट मला डोंगरात आणि माळावर सारखीच सापडली. माणूस दुखेपर्यंत येत नाही, आणि दुखलं तरी आधी चार दिवस अंगावर काढतो.

'अंगावर काढणं' हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरलाय की त्यातला धोका आपल्याला दिसेनासा झालाय. ताप अंगावर काढला, बाळंतपणानंतरची कंबर अंगावर काढली, अंगावरून पांढरं जाणं वर्षानुवर्षं अंगावर काढलं. आणि हे सांगताना बायकांच्या आवाजात तक्रार नसते, केलेल्या कष्टाचा मान असतो. मला त्याचा राग येत नाही. ज्या घरात एक रोज बुडाला तर किराणा अडतो, तिथे दुखणं अंगावर काढणं हे शहाणपणच ठरतं. पण रक्तदाब आणि साखर यांच्यापुढे हे शहाणपण चालत नाही. अंगावर काढायला आधी काहीतरी जाणवावं लागतं. इथे दहा वर्षं काही जाणवतच नाही, आणि जाणवतं तेव्हा डोळा गेलेला असतो, मूत्रपिंड गेलेलं असतं, नाहीतर अर्धं अंग.

माझी नोकरी सुरू झाली ती बाळंतपणं, लसी आणि पोलिओच्या डोसांवर. पोलिओच्या वेळी घरोघरी जाऊन दारावर खडूनं खूण करायचो. त्या कामाला शेवट होता. १३ जानेवारी २०११ ला देशातला शेवटचा रुग्ण सापडला, २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, आणि आम्हा सगळ्या जणींना वाटलं की त्यात आपलाही घोटभर वाटा आहे. मग २०१८ च्या सुमारास नवीन काम आलं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर दरवर्षी तपासायची; तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख यांच्या कर्करोगासाठी पाच वर्षांतून एकदा तपासायचं. आशाताईंनी घरी जाऊन फॉर्म भरायचा: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत, घरात कुणाला साखर-बीपी आहे का. बाईची कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या वर, पुरुषाची नव्वदच्या वर गेली की गुण वाढतात. लुगड्यावरून टेप लावायला बायका लाजायच्या. एका आजीनं टेप बघून विचारलं होतं, ब्लाऊज शिवून देणार का सरकार? आम्ही सगळ्या हसलो, तीही हसली, आणि तेवढ्यात माप घेऊन झालं.

सुरुवातीला हे काम मला पोलिओसारखंच वाटलं. घर मोजा, माणूस मोजा, आकडा लिहा, अहवाल पाठवा. तिथेच माझी चूक झाली.

त्या हिवाळ्यात एक पन्नाशीचा शेतकरी माझ्यासमोर बसला होता. कापसाची वेचणी सुरू होती, तो घाईत होता. रक्तदाब १७२ वर १०६. मी पुन्हा घेतला, १६८ वर १०४. मी त्याला म्हटलं, "दादा, प्रेशर वाढलंय, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या." तो "हो" म्हणाला. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, सही केली, पुढच्याला बोलावलं. महिन्याच्या शेवटी माझा अहवाल वेळेवर गेला, तपासलेल्यांची संख्या उद्दिष्टाच्या वर होती. मला समाधान वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

फेब्रुवारीत पहाटे त्याला लकवा मारला. घरच्यांना वाटलं रात्री हात अंगाखाली दबला असेल. तेल चोळलं, शेकलं. गाडी मिळून धुळ्याला पोचेपर्यंत दुपार झाली. धुळं आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. अशा झटक्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायला साडेचार तासांची मुदत असते, ती तर घरीच सरली होती. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मला चार दिवसांनी आशाताईकडून कळलं. मी संध्याकाळी उपकेंद्रात एकटी बसून रजिस्टर उघडलं. त्याचं नाव होतं, आकडा होता, माझी सही होती. आणि त्या ओळीत पुढचा रकाना कोरा होता. 'पाठपुरावा' असं त्याच्यावर छापलेलं होतं.

या गोष्टीनं मला जे शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणानं शिकवलं नाही. तपासणीनं कुणी बरं होत नाही. तपासणीनंतर माणूस दुसऱ्यांदा येतो का, तिसऱ्यांदा येतो का, गोळी संपायच्या आत नवी मिळते का, यावर सगळं आहे. आणि हे बघायची जबाबदारी ज्याच्या हातात आकडा आला त्याची, म्हणजे माझी.

पुढे एकदा आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितलेल्या एका गोष्टीनं मी आठवडाभर अस्वस्थ होते. २०१२ साली कोपनहेगनच्या संशोधकांनी युरोप-अमेरिकेतले जुने-नवे प्रयोग एकत्र करून पाहिले. पावणेदोन लाखांहून जास्त लोक होते त्यात. धडधाकट माणसांची सरसकट आरोग्य तपासणी केल्यानं त्यांचे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. मी साहेबांना विचारलं, "मग आम्ही हे कशासाठी करतोय?" ते चांगले होते, त्यांनी उत्तर टाळलं नाही. म्हणाले, "तिथे माणूस सर्दी झाली तरी आपल्या डॉक्टरकडे जातो, डॉक्टर जाता जाता बीपी बघतोच. ज्यांना आधीच सापडलं होतं त्यांना पुन्हा शोधून काय मिळणार? आपल्याकडे जिभाऊच्या पायात काटा आहे आणि त्याला ठाऊक नाही."

मग त्यांनीच मला दुसरी बाजू सांगितली, आणि ती आपल्या महाराष्ट्रातली होती. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड लाख बायकांवर एक मोठा अभ्यास केला. गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच म्हणा ना, लावायचं आणि पांढरा डाग दिसतो का ते डोळ्यांनी बघायचं. हे काम डॉक्टरांनी नाही केलं, दहावी शिकलेल्या, काही आठवडे शिकवून तयार केलेल्या बायकांनी केलं. दर दोन वर्षांनी तपासणी झालेल्या गटात त्या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ साली हे जाहीर झालं. त्याच्या आधी, २००९ मध्ये, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांतला अभ्यास छापून आला होता. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीनं केलेला. तिथे एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी झालेल्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

दहावी शिकलेल्या बायका. हे मी माझ्या आशाताईंना सांगितलं तेव्हा त्यांच्यातली एक नुसतीच माझ्याकडे बघत राहिली. ती दहावीच शिकलेली आहे.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं, आणि ते मी कुणालाही सांगते. सगळ्या तपासण्या दरवर्षी लागत नाहीत. हल्ली धुळ्या-नाशिकच्या लॅबवाल्यांची सत्तर-सत्तर चाचण्यांची पॅकेजं मोबाइलवर येतात, नोकरीवाले ती घेतात आणि चार पानांचा कागद घेऊन माझ्याकडे अर्थ विचारायला येतात. त्यातल्या निम्म्या गोष्टींची त्यांना गरज नसते. सिकलसेलची तपासणी आमच्या डोंगरातल्या प्रत्येक पोरापोरीची व्हायलाच हवी, पण ती आयुष्यात एकदा. त्यासाठी १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांना तपासायचं ठरलं. रक्तदाब, साखर, वजन, कंबर, तोंड, आणि बायकांचं हिमोग्लोबिन, एवढं मात्र दरवर्षी बघावं. त्याला अर्धा तास लागतो आणि उपकेंद्रात एक पैसा लागत नाही.

"साखर म्हणजे शेठ लोकांचा आजार, आमचं पोट बघा" असं मला अजूनही ऐकवतात. मीही पूर्वी तसंच समजत होते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला, त्याबद्दल एका प्रशिक्षणात ऐकलं आणि माझे डोळे उघडले. आपल्या खेड्यातलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं साडेतीन किलोचं. पण आपलं बाळ हाडामांसानं बारीक असतं, त्या मानानं चरबी मात्र फारशी कमी नसते. वरून किडकिडीत, आतून चरबी. आईला गरोदरपणात पोटभर आणि सकस मिळालं नाही, त्याची नोंद बाळाच्या अंगात राहते आणि चाळिशीत साखर होऊन वर येते. चाळीवरच्या त्या जिभाऊचं पोट पाठीला लागलेलं होतं. त्याची आई दुष्काळात खडी फोडायला जायची, हे त्यानं मला नंतर सांगितलं. आणि हे फक्त साक्रीचं नाही. आयसीएमआरच्या देशभराच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले: देशात मधुमेही १०.१ कोटी, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १३.६ कोटी, रक्तदाब वाढलेले साडेएकतीस कोटी.

आकडे माहीत झाले, पण माणसं टेबलापर्यंत आणायची कशी? तारीख सांगून कुणी येत नाही. "पुढच्या वर्षी याच तारखेला या" याला आमच्याकडे काही अर्थ नाही. पेरणी तारखेनं होत नाही, लग्नं तारखेनं ठरत नाहीत. एकदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी एका घरी गेले होते. खांदमळणी चालली होती. म्हातारे आबा बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून मळत होते. जूं घासून कुठे घट्टे पडलेत, कुठे सूज आहे, खूर कसे आहेत, बोटांनी चाचपून बघत होते. बैल डोळे मिटून उभा. मी म्हटलं, "आबा, याला दरवर्षी बघता, स्वतःला कधी बघितलं?" आबांनी हात थांबवला. म्हणाले, "आमले कोन मळी?" म्हणजे आम्हाला कोण मळणार?

मी पिशवी उघडून तिथेच ओट्यावर त्यांना बसवलं. पाच मिनिटं शांत बसवलं, पाय जमिनीला टेकवले, पाठ भिंतीला, हात छातीच्या उंचीला उशीवर. रक्तदाब असाच घ्यायचा असतो. उन्हातून चालत आलेल्या, नुकता चहा घेतलेल्या, नाहीतर तोंडात तंबाखूचा बार असलेल्या माणसाचा आकडा खरा नसतो. आबांचा १५८ वर ९२ निघाला. आणि त्या दिवसापासून आमच्या चार गावांतल्या पुरुषांची तपासणी खांदमळणीच्या दिवशी ठरली. त्या दिवशी बैल कामाला नसतात, माणसं घरी असतात. हे मला कुणी शिकवलं नाही, आबांनी शिकवलं.

बायकांचा दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात. झोके, गौराईची गाणी, खापरावरच्या पुरणपोळ्या. उन्हाळा असतो, शेतात काम नसतं, ऊसतोडीला गेलेली कुटुंबंही बहुतेक परतलेली असतात. पण खरं कारण त्याहून वेगळं आहे. सासरी बाईला स्वतःच्या अंगाकडे बघायला सवडच नसते. सासूला विचारायचं, नवऱ्याला विचारायचं, कुठे दुखतंय ते सांगायचं, आणि तेही खालच्या आवाजात. माहेरी ती दुपारी आईशेजारी पाय पसरून बसते. तिथे आम्ही गेलो की मायलेकी दोघी येतात. स्तनांच्या तपासणीला, व्हिनेगरच्या तपासणीला ज्या कधी तयार झाल्या नसत्या, त्या आखाजीला तयार होतात, कारण बरोबर आई असते. एकीच्या स्तनात मला वाटाण्याएवढी गाठ लागली. ती चाळिशीची, आणि तिला ती सहा महिन्यांपासून माहीत होती. कुणाला सांगितली नव्हती, कारण दुखत नव्हती. आज ती बरी आहे. तिची आई दर आखाजीला मला पुरणपोळी दिल्याशिवाय सोडत नाही.

दर सणाला तपासत राहिल्यानं एक गोष्ट कळली ती इथे सांगायलाच हवी. आखाजीचा रक्तदाब आखाजीशीच ताडून बघावा. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब थोडा खाली येतो. थंडीत वर चढतो. दिवाळीचा आकडा आखाजीच्या शेजारी ठेवला की उगाच वाटतं, सुधारणा झाली. आखाजीच्या शेजारी आखाजी ठेवली की खरं काय ते दिसतं. म्हणून मी सरकारी रजिस्टरशिवाय एक दोनशे पानी वही ठेवते. दर माणसाला एक पान. वर नाव, खाली एकाखाली एक आकडे, साल आणि सण. एक आकडा काहीच सांगत नाही. तीन वर्षांचे तीन आकडे एकाखाली एक आले की माणूस कुठे चाललाय ते दिसतं. १२४, १३०, १३८. यातला एकही आकडा एकशे चाळीसच्या पुढे नाही, म्हणजे नियमानं आजारी म्हणता येणार नाही. पण ती बाई चालत चालत उंबऱ्याशी आलेली आहे, आणि आत्ता तिच्या ताटातलं लोणचं-पापड कमी केलं तर ती कदाचित उंबरा ओलांडणार नाही. हे वर्षाच्या तपासणीशिवाय कळायला दुसरी वाट नाही.

सगळ्यात पहिली तपासणी आम्ही स्वतःची करतो, ओसरीवर, सगळ्यांना दिसेल अशी. आशाताईंच्या दंडाला पट्टा, मग माझ्या. माझी तीन महिन्यांची साखरेची सरासरी ६.१ आली होती, उंबरठ्यावरची. मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. त्यानंतर दोघी-तिघींनी न विचारता बोट पुढे केलं.

तरुण पोरांपर्यंत मात्र आमचे हात पोचत नाहीत. ट्रॅक्टर चालवणारा एक मुलगा आईला सोडायला आला होता, सव्वीस वर्षांचा. त्याच्या दातांचा रंग बघून मी म्हटलं, "तोंड उघड, तीन बोटं उभी घाल." निरोगी तोंडात उभी तीन बोटं जातात. त्याची दोन मुश्किलीनं गेली. गालाची आतली कातडी पांढरी, ताठ, दोरीसारखी. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, आणि त्याच्या खिशात चार पुड्या होत्या. तो हसत होता, त्याला वाटत होतं मी काहीतरी खेळ करतेय. आमच्या यादीत तो बसतही नाही, यादी तिशीनंतर सुरू होते. मी त्याचं नाव तरीही वहीत लिहिलं. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी त्याच्या आईला विचारते आणि त्याला बोलावून घेते. पुड्या सुटल्या, असं तो म्हणतो. तोंड अजून अडीच बोटांच्या पुढे उघडत नाही.

ज्याला लकवा झाला त्या दादांच्या घरी मी तीन महिने गेले नव्हते. हिंमत होत नव्हती. गेले तेव्हा ते खाटेवर होते, त्यांनी मला ओळखलं आणि डावा हात थोडा उचलला. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं. ती काही बोलली नाही. मी त्यांचा रक्तदाब घेतला, गोळ्या बघितल्या, पुढच्या महिन्याची तारीख दिली. दर महिन्याला जात राहिले. समुदाय आरोग्य अधिकारी आल्यापासून बीपीच्या गोळ्या उपकेंद्रातच मिळू लागल्या, त्यामुळे पिंपळनेरला नाहीतर साक्रीला हेलपाटा वाचला. सात-आठ महिन्यांनी एकदा मी निघताना ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "त्यासनं नाव तुमना वहीमा व्हतं ना, सिस्टर?"

मी म्हटलं, "हो. होतं."

तिनं मान हलवली. मी काही सबब सांगावी अशी तिची अपेक्षा नव्हती, आणि मीही सांगितली नाही. मी म्हटलं, "ताई, तुमचं नाव लिहायचं राहिलंय." तिनं बांगड्या मागे सारल्या आणि दाराच्या चौकटीशीच बसली. १६४ वर ९८.

दादा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. ती आता एकटी असते, मुलगा सुरतेला कामाला. आखाजीच्या दिवशी सकाळी मी ओसरीवर टेबल मांडते तेव्हा ती आधीच येऊन बसलेली असते. पाय जमिनीला टेकवलेले, पाठ भिंतीला, हात उशीवर. मी पाच मिनिटं थांबते. तीही थांबते, बोलत नाही, तिला माहीत आहे की बोललं की आकडा वाढतो. मग पट्टा आवळतो, सुटतो, आणि मी आकडा वाचायच्या आधीच ती विचारते, "गया सालले कितलं व्हतं?"

मी वहीत तिचं पान काढते. मागच्या आखाजीला १३८ होतं. आज १३२.